पहिल्या जागी शून्य

फोनवर गेनोवाइते एवढंच म्हणाली,
तुझा प्रोग्रॅम मंगळवारपासून रुसलाय.
माउस हलतो, मेनू उघडतात,
फक्त वजन उतरत नाही.
बंद करून चालू केला की सकाळ नीट जाते,
दुपारी पुन्हा तेच.

रुस्नेच्या रस्त्यावर तेव्हा नदी आलेली,
मार्चमध्ये येते तशी, बर्फाचे तुकडे ढकलत.
क्लाइपेदाहून शिलुतेपर्यंत बस,
पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली.
ट्रॉलीत मी, कुणाची तरी सायकल, पावाची चार खोकी,
आणि कोटाच्या आत, पोटाशी धरलेल्या तीन फ्लॉपी.

वाटेत मनातल्या मनात कोड वाचत होते.
मेसेजबॉक्स. एका ओळीचं फंक्शन,
कंसात चारच गोष्टी मागतं:
कुणाची खिडकी,
काय विचारायचं,
वर मथळा काय,
बटणं कोणती.
मजकुरावर आम्ही दोन दिवस घालवले.
मथळ्यातल्या शेपटीवाल्या अक्षराच्या जागी
प्रश्नचिन्ह यायचं, त्यात तिसरा गेला.
'होय' आधीपासून निवडलेलं असावं की 'नाही'
यावरून रिम्गाउदास आणि मी जेवायच्या सुट्टीत भांडलो.
पहिल्या जागी मात्र शून्य टाकून मोकळी झाले.
चालतं. पुस्तकातही चालतं असंच लिहिलंय.

वजनाच्या खोलीत काकडीचा वास.
स्टिंता नावाच्या छोट्या माशाला तो येतो,
इथल्या लोकांना त्यात नवल वाटत नाही.
गेनोवाइतेने स्टुलावरचं मांजर उठवून मला बसवलं.
स्क्रीनच्या तळाशी तिने चिकटपट्टीने लावलेला कागद,
गिऱ्हाइकांचे फोन नंबर,
म्हणजे खालची पट्टी तिने कधी पाहिलीच नव्हती.

मोठी खिडकी बाजूला सारली.
आणि तिच्यामागे ती,
राखाडी, तळहाताएवढी,
काल दुपारपासून दत्त म्हणून उभी:

पेटी रिकामी आहे. तरी नोंदवायची?

घोडं इथे पेंड खात होतं.
मंगळवारी काटा बदलला, गेनोवाइते म्हणाली,
तेव्हापासून रोज जेवण झाल्यावर
रिकामी पेटी ठेवून बघते, खरं सांगतो की नाही.
तेवढ्याने चौकट उघडायची,
तेवढ्यात कुणीतरी मासे घेऊन यायचं,
ही मोठ्या खिडकीवर क्लिक करायची
आणि चौकट पाठीमागे.
फंक्शन उत्तराशिवाय परतत नाही.
त्याच्या खालच्या साऱ्या ओळी ताटकळतात,
त्याला काय, घड्याळ कळत नाही,
माशाचा वासही नाही.

मग मोठ्याने का नाही विचारत ती?
तिला माहीतच नाही ती कुणाची, मी म्हणाले.
गेनोवाइतेने माझ्याकडे असं पाहिलं
की मी लगेच स्क्रीनकडे वळले.

शून्य खोडलं, तिथे मोठ्या खिडकीचं नाव घातलं.
कंपाइल व्हायला चहाचे दोन कप लागले.
त्या वेळात मी तिला सुनावलंही,
तुम्ही लोक वाचतच नाही, गेनोवाइते,
चौकट दिसली की होय दाबून रिकामे.
ती हसली. मांजराला डोकं दिलं एका माशाचं.

परतताना ट्रॅक्टरचा आवाज, वारा,
चाकांखाली रस्ता आहे एवढ्या विश्वासावर पाणी कापत जाणं.
ड्रायव्हर मागे वळून काहीतरी ओरडला.
मी मान हलवली. होय.
तो पुन्हा ओरडला, बोटं दाखवली.
होय, होय.

पलीकडे पोचल्यावर त्याने सीटखालून
वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढलं,
दोन किलो स्टिंता,
आणि हात पुढे केला: दहा लितास.

बसमध्ये शेजारची बाई नाक वर करून म्हणाली,
काकड्या? आत्ता, मार्चमध्ये?